व्हिक्टोरियाच्या काळातील चांदीची नाणी जमवायची आहेत, सुरुवात कोठून करावी?

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. मी मूळचा वाईचा असून गेली ११ वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. आमच्या शेजारच्या वृद्ध बाई मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा त्यांनी आपल्या दिवंगत पतीने जपलेली एक पत्र्याची डबी मला दिली. तीत चांदीची २३ नाणी निघाली. सर्वांत जुने १८४९ चे फ्लोरिन (दोन शिलिंगांचे नाणे) आहे, एक १८८७ चे सिक्सपेन्स आहे, सहा नाणी १९२० नंतरची आहेत आणि बाकीचे १८८९ ते १९०० या काळातील शिलिंग व हाफ-क्राऊन (अडीच शिलिंगांची नाणी) आहेत. सगळी काळवंडलेली होती, म्हणून मी ती टूथपावडरने घासून लख्ख केली. तेव्हापासून या नाण्यांनी मला वेड लावले आहे. व्हिक्टोरियाच्या काळातील दुर्मिळ चांदीची नाणी जमवावीत असे मनात आहे आणि त्यासाठी महिन्याला १०० पौंड बाजूला काढता येतील. इंटरनेटवर एक जण १८४७ चे गॉथिक क्राऊन (पाच शिलिंगांचे नाणे) १८० पौंडांना देत आहे. ते घ्यावे का? वाईच्या घरी देवघरात आजोबांचे ११ राणीछाप रुपये आहेत, तेही इकडे आणावेत असे वाटते. पत्नीचे म्हणणे असे की, मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवायचे तर नाण्यांपेक्षा सोने बरे. आपला सल्ला हवा आहे.
— एक नवशिका संग्राहक, रेडिंग

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्व प्रश्नांपैकी एकाचे उत्तर तातडीचे आहे, म्हणून ते आधी देतो. ते गॉथिक क्राऊन घेऊ नका. विक्रेत्याने किंमत कमी केली, परत घेण्याची हमी दिली किंवा आणखी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत असे सांगितले, तरीही घेऊ नका.

कारण सांगतो. विल्यम वायन यांनी घडवलेली राणीची मुकुटधारी मुद्रा आणि विल्यम डाइस यांनी रेखाटलेली मागील बाजू असलेले हे क्राऊन १८४७ मध्ये केवळ ८,००० पाडले गेले. ते बाजारात फिरण्यासाठी नव्हतेच. लोकांनी ते पहिल्या दिवसापासून शोभेची वस्तू म्हणून जपले. ब्रिटिश नाण्यांमध्ये याच्याइतके देखणे नाणे क्वचितच सापडेल, हे माझे मत अनेकांना मान्य होईल, आणि म्हणूनच अस्सल नाण्याला आज हजारो पौंड मोजावे लागतात. जे नाणे लंडनमधील कोणताही जाणता व्यापारी हातोहात हजारोंना घेईल, ते १८० पौंडांना अनोळखी माणसाला कोणी का विकेल? या नाण्याच्या नकला गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने बाजारात आल्या आहेत. काही पितळेवर किंवा निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिलेल्या असतात, तर काही खऱ्या चांदीच्याही असतात. अस्सल नाणे असूनही किंमत कमी असण्याची एक शक्यता मात्र मान्य करायला हवी: त्या काळी हे क्राऊन दागिन्यात जडवण्याची हौस होती, त्यामुळे कडेवर डाख काढून टाकल्याच्या खुणा असलेली नाणी आजही निघतात. तशा नाण्याची किंमत बरीच घसरते, पण १८० पौंडांवर तेही येत नाही.

नाणे अस्सल आहे की नाही हे घरच्या घरी पडताळण्याचा एक भक्कम मार्ग आहे आणि तो तुम्ही तुमच्या डबीतील नाण्यांवरच शिकून घ्यावा. व्हिक्टोरियाच्या काळातील ब्रिटिश चांदी ९२५ शुद्धतेची आहे, म्हणजे १,००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले तांबे. क्राऊनचे प्रमाणित वजन २८.२८ ग्रॅम, हाफ-क्राऊनचे १४.१४, फ्लोरिनचे ११.३१, शिलिंगचे ५.६६ आणि सिक्सपेन्सचे २.८३ ग्रॅम आहे. झिजलेले नाणे यापेक्षा हलके भरते, म्हणून नुसत्या वजनावर निर्णय करता येत नाही. पण धातू झिजला तरी त्याची घनता बदलत नाही. या चांदीची घनता सुमारे १०.३६ आहे. एका छोट्या भांड्यात पाणी घेऊन ते ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्यावर ठेवावे, काटा शून्यावर आणावा आणि नाणे बारीक दोऱ्याने बांधून, तळाला किंवा काठाला टेकू न देता, पाण्यात पूर्ण बुडेल असे धरावे. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. पूर्ण वजनाच्या क्राऊनला हा आकडा २.७३ च्या जवळ आणि फ्लोरिनला १.०९ च्या जवळ येतो. भागाकार ९ च्या खाली आला, तर हातातील वस्तू चांदीची नाही. भागाकार बरोबर आला, तर धातू चांदीचा आहे एवढेच सिद्ध होते. ठसा खरा आहे की नाही हे भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहून ठरवावे लागते. ओतून केलेल्या नकलेत अक्षरे मऊ, गोलसर दिसतात, पृष्ठभागावर बारीक फोड किंवा छिद्रे असतात आणि कडेवर सांध्याची रेघ सापडते.

फसवणूक केवळ नकली नाण्यांतच होते असे नाही, हे मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी १८५० चे शिलिंग घेतले. हे वर्ष शिलिंगच्या मालिकेत फार कठीण मानले जाते, त्यामुळे मिळाल्याच्या आनंदात मी ते नीट न पाहताच पैसे दिले. वर्षभराने एका अनुभवी संग्राहकाने भिंगाखाली शेवटचे शून्य दाखवले. ते मुळात ९ होते आणि त्याची शेपटी कोरून, उचलून, शून्याचा आकार दिलेला होता. नाणे अस्सल होते, चांदी अस्सल होती, वजनही बरोबर होते, पण १८५९ चे साधे शिलिंग दुर्मिळ वर्ष म्हणून विकले गेले होते. तेव्हापासून कोणतेही महागडे वर्ष समोर आले की मी सर्वांत आधी त्या एका अंकाभोवतालची जमीन पाहतो. तिथे ओरखडे, खळगा किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी चकाकी दिसली, तर नाणे परत ठेवतो.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे येऊ. “दुर्मिळ नाणी जमवायची आहेत” असे तुम्ही लिहिता, पण दुर्मिळ या शब्दाचे निदान तीन अर्थ आहेत आणि ते वेगळे न केल्यामुळे अनेक नवे संग्राहक पहिल्या दोन वर्षांतच पैसा आणि उत्साह घालवून बसतात. पहिला अर्थ म्हणजे मुळातच थोडी पाडलेली नाणी. गॉथिक क्राऊन हे त्याचे उदाहरण आहे, आणि १०० पौंडांच्या मासिक शिलकीत ही वाट सध्या तुमच्यासाठी बंद आहे. दुसरा अर्थ म्हणजे बरीच पाडली गेली, पण हातोहात झिजून, परत जाऊन, वितळून आज थोडीच उरलेली विशिष्ट वर्षे. १८५० आणि १८५४ चे शिलिंग, १८४८ आणि १८५४ चे सिक्सपेन्स, १८४१ चे हाफ-क्राऊन ही त्यांतली ठळक नावे. तिसरा अर्थ असा की, नाणे सर्वसाधारण आहे, वर्षही सर्वसाधारण आहे, परंतु न झिजलेल्या अवस्थेत ते क्वचित मिळते. क्राऊनचीच गोष्ट घ्या. तरुण राणीची मुद्रा असलेली, चलनासाठीची क्राऊन फक्त १८४४, १८४५ आणि १८४७ या तीन वर्षांत निघाली. १८४४ मध्ये ९४,२४८, १८४५ मध्ये १,५९,१९२ आणि १८४७ मध्ये १,४०,९७६. झिजलेल्या अवस्थेत ती सहज मिळतात. पण एवढे मोठे, जड नाणे खिशात आणि गल्ल्यात आदळत फिरल्यामुळे, राणीच्या केसांची प्रत्येक बट शाबूत असलेले क्राऊन पाहायला मिळणे हा योग समजला जातो. माझा आग्रह असा की, तुम्ही या तिसऱ्या अर्थाने संग्रह करावा, कारण येथे पैशापेक्षा नजर आणि धीर यांना अधिक मोल आहे.

प्रसिद्धी आणि दुर्मिळता यांचीही गल्लत होऊ देऊ नका. तुमच्याकडील १८८७ चे सिक्सपेन्स याचा उत्तम धडा आहे. राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षे झाली म्हणून त्या वर्षी जोसेफ एडगर बोएम यांनी केलेली नवी मुद्रा नाण्यांवर आली. सिक्सपेन्सच्या मागील बाजूस राजचिन्हाची ढाल होती आणि ती अर्ध्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यावरील ढालीसारखी दिसत असे. सिक्सपेन्सला सोन्याचा मुलामा देऊन ते अर्धे सॉव्हरिन म्हणून, म्हणजे मूळ किमतीच्या वीसपट भावाने, खपवण्याचे प्रकार सुरू झाले आणि टांकसाळीला ते नाणे मागे घेऊन, पुष्पचक्रात “सिक्स पेन्स” अशी अक्षरे असलेली नवी मागील बाजू काढावी लागली. विक्रेते आज “मागे घेतलेले नाणे” या शब्दांवर मोठी किंमत सांगतात. प्रत्यक्षात नाणे मागे घेतले जाणार हे कळताच लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवले, त्यामुळे ते चांगल्या अवस्थेत आजही मुबलक मिळते. तुमच्या नाण्यामागे ढाल आहे की पुष्पचक्र ते पाहा. दोन्ही गोष्टी जपण्याजोग्या आहेत, पण त्यावर घर बांधता येणार नाही. १८८७ ते १८९० अशी चारच वर्षे निघालेले दुहेरी फ्लोरिनही, इतके अल्पजीवी असूनही, याच कारणाने सहज मिळते.

मग नेमके काय जमवावे? माझी शिफारस फ्लोरिनची आहे, त्यातही १८५१ ते १८८७ या काळातील गॉथिक फ्लोरिनची. तुमच्याकडील १८४९ चे नाणे हे त्या मालिकेचे नांदीचे नाणे आहे, म्हणून ही शिफारस करताना मला विशेष समाधान वाटते.

त्याची कथा अशी. इंग्लंडमध्ये तेव्हा १२ पेन्सांचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आपल्याकडे १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैचा आणा होता, त्याच जातीचा हा हिशेब. जॉन बाउरिंग यांनी १८४७ मध्ये संसदेत दशमान चलनाचा आग्रह धरला आणि त्यातून तडजोड म्हणून पौंडाच्या दहाव्या हिश्श्याचे, दोन शिलिंगांचे नवे नाणे काढण्याचे ठरले. १८४९ च्या त्या पहिल्या फ्लोरिनवर “व्हिक्टोरिया रेजिना” एवढेच शब्द होते. “देवाच्या कृपेने” या अर्थाची पूर्वापार चालत आलेली लॅटिन अक्षरे गाळली गेली होती. लोकांत मोठा क्षोभ उसळला आणि नाण्याला “गॉडलेस फ्लोरिन”, म्हणजे देव नसलेले फ्लोरिन, असे नाव पडले. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ होती आणि तिचाही संबंध या नाण्याशी जोडणारे निघाले, असे सांगतात. टांकसाळीचे प्रमुख रिचर्ड लेलर शील कॅथलिक पंथाचे असल्यामुळे टीकेला धार्मिक धार चढली. येथे मराठी वाचकाला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८४० च्या रुपयावर, तोही वायन यांच्याच मुद्रेचा, नुसते “व्हिक्टोरिया क्वीन” असेच शब्द होते. ज्या गोष्टीने लंडनमध्ये काहूर उठले, ती पुण्या-साताऱ्याच्या बाजारात नऊ वर्षे रोज हातोहात फिरत होती आणि तिच्याविषयी इंग्लंडमध्ये कोणाला चिंता वाटली नव्हती.

१८५१ पासून नवे फ्लोरिन आले. त्याचा व्यास २८ वरून ३० मिलिमीटर झाला, गाळलेली अक्षरे परत आली आणि सर्व मजकूर जुन्या हस्तलिखितांच्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत कोरला गेला, वर्षसुद्धा रोमन अंकांत. म्हणून याला गॉथिक फ्लोरिन म्हणतात. गॉथिक क्राऊनचे सगळे सौंदर्य येथे लहान आकारात आहे, फरक एवढाच की हे नाणे बाजारात फिरले, भाजीवालीच्या हातात गेले, मजुराच्या आठवड्याच्या पगारात आले. हे फ्लोरिन रुजावे म्हणून चलनासाठी हाफ-क्राऊन पाडणे १८५० नंतर थांबवण्यात आले आणि ते १८७४ मध्येच पुन्हा सुरू झाले. दशमान पद्धती मात्र १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत लांबली. त्या दिवशी दोन शिलिंगांचे नाणे आपोआप दहा नव्या पेन्सांचे झाले आणि त्या रूपात ते १९९३ पर्यंत चालत राहिले.

संग्राहकाच्या दृष्टीने या मालिकेत शिकण्याजोगे इतके आहे की, दहा वर्षे पुरावे. १८५१ चे नाणे केवळ खास नमुना म्हणून पाडलेले आणि फार दुर्मिळ आहे, ते सोडून द्यावे. चलनातील वर्षांमध्ये १८५४ हे सर्वांत अवघड, त्याखालोखाल १८६२ आणि १८६३. या दोन वर्षांचे नाणे स्वस्तात मिळण्याची शक्यता अजूनही संपलेली नाही, कारण वर्ष गॉथिक वळणाच्या रोमन अक्षरांत असते आणि घाईतला विक्रेता शेवटची दोन-तीन अक्षरे नेहमी नीट वाचत नाही. १८६२ आणि १८६७ मध्ये केवळ एका अक्षराचा फरक आहे. ही अक्षरे कागदावर लिहून वाचण्याचा सराव करा. जत्रेत किंवा जुन्या बाजारात, अपुऱ्या उजेडात, झिजलेले वर्ष तुम्हाला पटकन वाचता आले पाहिजे. १८६४ ते १८७९ या काळातील नाण्यांवर राणीच्या मूर्तीखाली एक बारीक अंक असतो. तो ठशाचा क्रमांक आहे, आणि एक ठसा किती नाणी पाडून झिजतो यावर लक्ष ठेवण्यासाठी तो कोरला जात असावा असे मानतात. त्याच काळातील शिलिंग आणि सिक्सपेन्सवर हा क्रमांक मागील बाजूस वर्षाच्या वर असतो. शिवाय फ्लोरिनच्या कडेला आतून जी कमानींची नक्षी आहे, तिच्यातील कमानींची संख्या सुरुवातीला ४८ होती, पुढे ती ४२, ३८ आणि ३४ अशी बदलत गेली. एकट्या १८७९ मध्ये वेगवेगळ्या संख्यांची नाणी सापडतात. १८८१ च्या काही नाण्यांवर ठशातील अक्षर तुटल्यामुळे वर्षातील एक “एक्स” हे अक्षर “आर” सारखे उमटले आहे. असे नाणे सामान्य नाण्यांच्या ढिगात ओळखता येणे यात जो आनंद आहे, तो पैसे मोजून विकत घेतलेल्या दुर्मिळ नाण्यात मला कधी मिळाला नाही.

फ्लोरिनबरोबर राणीच्या इतर मुद्रांचे एकेक नाणे ठेवावे, म्हणजे ६३ वर्षांची कारकीर्द डोळ्यांपुढे राहील. वायन यांची तरुण राणी, बोएम यांची १८८७ ची राणी आणि थॉमस ब्रॉक यांची १८९३ पासूनची पदर घेतलेली वृद्ध राणी. बोएम यांच्या मुद्रेवर त्या वेळी बरीच टीका झाली, कारण डोक्यावरचा चिमुकला मुकुट आता घसरेल की काय असे वाटते. शेवटी सहा वर्षांत ती बदलली गेली. १८९३ च्या नाण्यावर आणखी एक बदल आहे, तो आपल्या माणसाने अवश्य पाहावा. राणीने हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचे पद १८७६ च्या कायद्याने घेतले. आपल्या रुपयावर १८७७ पासून “क्वीन” च्या जागी “एम्प्रेस” आले. पण खुद्द ब्रिटनच्या नाण्यांवर ते पद “इंड. इम्प.” या अक्षरांनी आले ते १८९३ मध्ये, तब्बल सोळा वर्षांनी. १८८७ च्या राणीवर ती अक्षरे नाहीत. तुमच्या डबीत दोन्ही काळांचे शिलिंग असतील. ते शेजारी ठेवून पाहा.

खरेदीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पहिले तीन महिने एकही नाणे घेऊ नका. त्या ३०० पौंडांतून ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा, दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग आणि स्पिंक या लंडनच्या नाणे-व्यापारी संस्थेची ब्रिटिश नाण्यांची वार्षिक सूची घ्या. व्यापारी आणि लिलावघरे ज्या क्रमांकाने नाणे ओळखतात तो त्या सूचीतला असतो, तुमच्या १८४९ च्या फ्लोरिनचा ३८९० आणि सुरुवातीच्या गॉथिक फ्लोरिनचा ३८९१. सूचीतील किमती व्यापाऱ्याने ग्राहकाला विकण्याच्या आहेत, तुमच्याकडून घेण्याच्या नव्हेत, हे ध्यानात असू द्या. नंतर उत्तम अवस्थेतील नाणी डोळ्यांनी पाहा. रेडिंगहून ऑक्सफर्ड आगगाडीने अर्ध्या तासावर आहे आणि तेथील ॲशमोलियन संग्रहालयात नाण्यांचा मोठा विभाग आहे. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ६८ क्रमांकाच्या दालनात चलनाचा इतिहास मांडलेला आहे. नजर तयार झाली की मगच खरेदीला लागा आणि शक्यतो ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशन या नाणे-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या सदस्य व्यापाऱ्याकडून, पावती घेऊन, घ्या.

नाण्याच्या अवस्थेला तेथे फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रीमली फाईन आणि अनसर्क्युलेटेड अशा चढत्या पायऱ्या आहेत. नाव ऐकून फसू नका; “फाईन” म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले. अमेरिकेत ७० गुणांची पद्धत चालते आणि त्याच शब्दांचा तिकडचा वापर ब्रिटिश व्यापाऱ्यांपेक्षा ढिला असतो. गॉथिक फ्लोरिनची झीज सर्वांत आधी कानावरच्या केसांत, मुकुटाच्या पट्टीवर आणि खांद्यावरच्या भरतकामात दिसते. तुमच्या शिलकीत मी महिन्याला एक फाईन नाणे घेण्याऐवजी दोन-तीन महिने थांबून एक चांगले व्हेरी फाईन किंवा त्याहून वरचे घेईन. बारा झिजलेली नाणी विकायला काढली तर फारसे कोणी विचारत नाही; चार चांगल्या नाण्यांना नेहमी गिऱ्हाईक असते. लिलावात बोली लावताना हातोडा पडला त्या किमतीवर खरेदीदाराचे कमिशन आणि त्यावर कर द्यावा लागतो, बहुतेक ठिकाणी हे मिळून पाचव्या हिश्श्याहून अधिक होते. बोलीची मर्यादा तो आकडा धरूनच आधी कागदावर लिहा.

टूथपावडरविषयी मी तुम्हाला दोष देणार नाही. आपल्याकडे दिवाळीला चांदीची भांडी घासून लख्ख करणे हीच स्वच्छतेची व्याख्या आहे आणि भांड्यांसाठी ती योग्यही आहे. नाण्याचे मात्र उलट असते. हवेतील गंधकामुळे चांदीवर शतकभरात जो काळसर, निळसर, कधी मोरपंखी थर चढतो, तो खालच्या धातूला चिकटून असतो, आणि घासताना त्याबरोबर टांकसाळीतून आलेली मूळ झळाळीही बारीक ओरखड्यांखाली जाते. ती परत आणता येत नाही. तुमच्या १८४९ च्या फ्लोरिनची विक्रीची किंमत यामुळे नक्कीच उतरली असेल. पण नाणे वाया गेलेले नाही. आता त्याला कशानेही पुसू नका, काही वर्षांत त्याच्यावर पुन्हा मंद झाक येऊ लागेल. यापुढे एखाद्या नाण्यावर जुन्या प्लास्टिक पिशवीचा हिरवट, चिकट थर सापडला तर ते शुद्ध ॲसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना, काही मिनिटे बुडवावे आणि न घासता कोरडे होऊ द्यावे. याहून अधिक काही करू नये. ठेवण्यासाठी मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, लोकरी कापड, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून नाणी दूर ठेवा. ओकच्या लाकडाच्या कपाटातून आम्लाची वाफ सुटते, म्हणून जुने संग्राहक महोगनीचे खण वापरीत. नाणे नेहमी कडेने, मऊ कापडाच्या वर धरून उचला. १९२० नंतरची तुमची सहा नाणी वेगळी ठेवा: चांदी महागल्यामुळे त्या वर्षापासून ब्रिटिश नाण्यांतील तिचे प्रमाण ५०० वर आणले गेले, त्यामुळे ती या संग्रहाचा भाग नाहीत, आणि घनतेचे गणित शिकताना तुलनेला मात्र फार उपयोगी आहेत.

वाईचे राणीछाप रुपये वाईलाच असू द्या. शंभर वर्षांहून जुने नाणे भारतात १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. “दोन-चार नाणीच तर आहेत, खिशात घालून आणू” असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका, विमानतळावर अडवले गेलात तर ते रुपयेही जातील आणि गुन्ह्याची नोंद होईल ती वेगळीच. शिवाय ते आजोबांचे रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाला त्यांच्यावर दरवर्षी हळदकुंकू वाहिले जाते, पंचामृताने त्यांना स्नान घातले जाते, आणि ज्या नाण्याला घरात असे स्थान आहे त्याला संग्राहकाचे नियम लावू नयेत. पुढच्या सुट्टीत त्यांची वजने, वर्षे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे टिपून घ्या. प्रत्येक रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१७ शुद्धतेचा असायला हवा. तुमच्या फ्लोरिनहून वजनाने किंचित जास्त, चांदीने किंचित कमी कसदार.

पत्नीच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, आणि हे तुम्हाला आवडणार नाही याची कल्पना असूनही लिहितो. मुलीच्या शिक्षणाचे पैसे नाण्यांत घालू नका. व्यापाऱ्याची विक्रीची आणि खरेदीची किंमत यांत मोठे अंतर असते, लिलावात विकायचे तर कमिशन जाते, आणि ज्या महिन्यात फी भरायची त्याच महिन्यात योग्य गिऱ्हाईक येईल याची खात्री नसते. शिक्षणाची तरतूद सोन्यात करावी की अन्य कशात, हे तुम्ही दोघांनी मिळून किंवा जाणकाराला विचारून ठरवा. ती तरतूद झाल्यावर उरलेल्या पैशात नाणी घ्या, मग ते ५० पौंड असले तरी चालतील. प्रत्येक नाण्याची तारीख, वजन, कोणाकडून किती किमतीला घेतले, ही नोंद एका वहीत ठेवा आणि ती वही कोठे आहे हे घरात सांगून ठेवा. शेजारच्या बाईंच्या यजमानांनी अशी वही ठेवली असती, तर त्यांचे १८४९ चे फ्लोरिन त्यांच्याकडे कोठून आले हे आज तुम्हाला कळले असते. बाईंना फोन करून विचारा. त्यांना कदाचित काही आठवत असेल, आणि ते तुमच्या वहीतील पहिल्या पानावर लिहिण्याजोगे असेल.

त्या फ्लोरिनविषयी एक गोष्ट मला कळवा. राणीच्या मूर्तीच्या मागे, कडेच्या बारीक वर्तुळाजवळ, वायन यांची “डब्ल्यू. डब्ल्यू.” ही आद्याक्षरे शोधा. काही नाण्यांवर ती स्पष्ट आहेत, तर काहींवर ते वर्तुळ त्यांच्यावरून गेल्यामुळे जवळजवळ पुसली गेली आहेत. दिवसा खिडकीशी बसून, नाणे किंचित तिरके धरून पाहा आणि तुमच्या नाण्यावर काय दिसते ते लिहा.